सावरखिंडीचा हैबती

ही गोष्ट फार जुनी. सावरखिंडीतून तेव्हा गाडीवाट नव्हती. कोकणातलं मीठ आणि सुकी मासळी बैलांच्या पाठीवर लादून तांडे वर चढायचे, आणि देशावरची ज्वारी, गूळ, हळद घेऊन खाली उतरायचे. खिंडीच्या अलीकडं, देशाच्या अंगाला, सावरदरा नावाचं गाव होतं. अजून आहे. त्या गावात गेलात तर विचारून बघा, हैबती कोण होता म्हणून. म्हातारी माणसं सांगतील. लहान पोरंही सांगतील, कारण त्या गावात ही गोष्ट पोरांपासून लपवत नाहीत.

हैबती दरोडेखोर होता. त्यानं माणसं लुटली, गावं उपाशी मारली, एका गरीब माणसाचा जीव अशा रीतीनं घेतला की ऐकणाऱ्याला अन्न गोड लागू नये. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढं कुणी त्याला देव समजायला नको. पण गोष्ट त्याच्यापासून सुरू होत नाही. ती सुरू होते त्याच्या आईपासून, साळूपासून.

साळूचा पहिला नवरा राणोजी विहीर खोदताना दरड अंगावर येऊन गेला. पोर तेव्हा मांडीवर होतं. दिरांनी दार लावून घेतलं. माहेरी आईबाप उरले नव्हते. पोराला पाठीशी बांधून साळू एका वर्षात किती गावं हिंडली, कुणाकुणाच्या खळ्यावर राबली, ते तिलाच ठाऊक. शेवटी सावरदऱ्याच्या दौलतीनं तिच्याशी पाट लावला. दौलतीची पहिली बायको बाळंतपणात गेली होती. घर होतं, जमीन होती, बैल होते आणि अंगणात धान्यानं भरलेली पेवं होती.

"पोराचंबी पोट भरंल," दौलती पाट लावताना म्हणाला होता. ते खोटं नव्हतं. पोट भरलं.

गावात दौलतीला मान होता. तो पारावर बसायचा, भांडणं सोडवायचा, एकादशीला भजनात टाळ धरायचा. त्याचा आवाज इतका मऊ होता की तो कधी कुणावर ओरडला असं गावात कुणी ऐकलं नव्हतं. घरातही तो ओरडायचा नाही. जे करायचं ते शांतपणे करायचा, आणि साळूला त्याचीच भीती वाटायची.

आता पेव म्हणजे काय, ते सांगायला हवं. जमिनीत खोल खड्डा खणायचा, तोंडाशी अरुंद आणि आत पोटासारखा फुगलेला. आत कडबा लावून धान्य भरायचं, तोंडावर दगड ठेवायचा आणि मातीनं लिंपून टाकायचं. धान्य वर्षानुवर्षं टिकतं. पण आतली हवा वाईट असते. म्हणून पेव उघडलं की आधी दोरीला बांधून दिवा सोडतात. दिवा तेवत राहिला तर माणूस उतरतो. विझला तर कुणी उतरत नाही.

हैबती पाच-सहा वर्षांचा असताना त्यानं एकदा गोठ्यातलं वासरू सोडलं. वासरू सगळं दूध पिऊन गेलं. दौलतीनं त्याला मारलं नाही. त्याचा दंड धरून अंगणात नेलं, रिकाम्या पेवाचा दगड सरकवला, पोराला आत सोडलं आणि दगड परत ठेवला.

"थोडं गार होऊ दे त्याचं डोस्कं," तो म्हणाला, आणि हातपाय धुऊन जेवायला बसला.

गड्यांना उतरवताना दौलती न चुकता दिवा सोडून बघायचा. पोरासाठी त्यानं कधी दिवा सोडला नाही. ही गोष्ट साळूच्या मनात आयुष्यभर सलत राहिली.

त्या दिवशी हैबती गळा फाटेपर्यंत रडला. आवाज जमिनीतून यायचा, जसा कुणी फार लांबून हाका मारतोय. शेजारीण भिंतीपलीकडं कपडे वाळत घालत होती. ती आत निघून गेली. रंगोजी पाटील रस्त्यानं चालले होते. ते थांबले, त्यांनी कान दिला, आणि मग पुढं गेले. दुसऱ्याचं घर, दुसऱ्याचं पोर. बाप शिस्त लावत असेल.

साळू सूप घेऊन पेवापाशी जाऊन बसली. धान्य पाखडल्याचं सोंग करत तिनं दगडाच्या फटीला तोंड लावलं.

"हैबती, मी हाय रं हितं."

"आये, काढ मला. आये, दिसंना गं."

"काढत्याल आता. रडू नगं. मी बसलीया हितंच."

तिनं दगडाला दोन्ही हात लावले. दगड हलला. तेवढ्यात ओसरीवर दौलती खाकरला. साळूनं हात काढून घेतले आणि पुन्हा सूप धरलं. दौलती तिला एवढंच म्हणाला, "दगडाला हात लावायचा असंल तर पोरगं काढ आन् वाट धर." ती वाट साळूनं आधीच तुडवली होती. त्या वाटेवर तिनं आणि पोरानं कसे दिवस काढले होते ते ती विसरली नव्हती. ती बसून राहिली.

त्यानंतर हे नेहमीचंच झालं. शेळी दुसऱ्याच्या शेतात गेली, पेव. पाण्याची घागर फुटली, पेव. पुढं पुढं तर कारणही लागेना. आणि काही वर्षांनी अशी वेळ आली की हैबती पेवात रडेनासा झाला. आतून आवाजच यायचा नाही. साळू फटीतून हाका मारायची, तो ओ द्यायचा नाही. त्या गप्प राहण्याची तिला जेवढी भीती वाटायची, तेवढी त्याच्या रडण्याचीही कधी वाटली नव्हती.

असं म्हणतात, ज्या हवेत दिवा जगत नव्हता त्या हवेत हे पोर जगलं, कारण जमिनीनं त्याला आपलं म्हटलं. तिनं त्याला शिकवलं. अंधारात बघायला शिकवलं. श्वास इतका हळू घ्यायला शिकवलं की छाती हलू नये. मातीला कान लावून वर कोण चाललंय ते ओळखायला शिकवलं. हा बैल, ही बाई, हा दौलती. पावलावरून त्याला माणसाच्या मनातलं कळायचं, असंही म्हणतात. जमीन काय शिकवायची ते शिकवून मोकळी झाली. एक गोष्ट मात्र तिला शिकवता येत नव्हती. माणसाला माणसाची दया कशी येते, ते वर उजेडातच शिकावं लागतं, आणि वर कुणी शिकवलं नाही.

पोर बारा-तेरा वर्षांचं झालं. शेजारच्या गावी देवीची जत्रा होती. साळूनं आपल्या जुन्या लुगड्याचा काठ लावून त्याला अंगरखा शिवला होता. हैबती तो घालून दारात उभा राहिला. दौलती म्हणाला, "तू ऱ्हा. गुरं कोण बघणार?" हैबती म्हणाला, "मी येनार." एवढंच म्हणाला. दौलतीनं त्याचा दंड धरला. पोरगं आता उंचीला त्याच्या खांद्याला आलं होतं. तरी ते ओढाताण न करता चालत गेलं आणि स्वतःच आत उतरलं.

साळू रडायला लागली तसा दौलती म्हणाला, "शेजारणीला सांगितलंय. दुपारी काढील ती." जत्रेत साळूनं देवीपुढं डोकं टेकलं, पण मागणं काय मागावं ते तिला सुचेना. मुक्काम एका दिवसाचा होता, तो वाढला. परत आल्यावर ती डोक्यावरचं गाठोडंही न उतरवता शेजारणीच्या दारात गेली.

"दुपारी काढलं न्हवं पोराला?"

शेजारीण म्हणाली, "कुणाला? मला तर कुनी काय सांगितलं न्हाई, बाई."

साळू पळत अंगणात आली. दगड जागच्या जागी होता. तिच्या ओरडण्यानं माणसं जमली. दगड सरकवला, दिवा सोडला, दिवा विझला. दुसरा सोडला, तोही विझला. शेवटी आरशानं ऊन आत पाडून बघितलं. पेव रिकामं होतं. भिंतीला एक भगदाड होतं, आणि भगदाडाच्या कडेला माती काळपट लाल झाली होती.

असं म्हणतात, त्यानं नखांनी जमीन उकरली. एका पेवातून दुसऱ्या पेवात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि शेवटी ओढ्याच्या दरडीतून तो बाहेर पडला. त्याच्या दहाही बोटांची नखं त्या मातीत राहिली, ती पुन्हा आली नाहीत. पुढं ज्यांनी ज्यांनी हैबतीला जवळून बघितलं, त्यांना त्याचा चेहरा आठवत नसे. बिननखांचे हात आठवत.

बरीच वर्षं त्याचं काही कळलं नाही. मग खिंडीतून येणारे तांडे काहीबाही सांगायला लागले. कुणी एक जण आहे. झाडामागून येत नाही, दगडाआडून येत नाही, जमिनीतूनच उगवतो. आपण घाट चढायला लागायच्या आधी त्याला कळतं किती बैल आहेत आणि माल काय आहे. कुत्री त्याच्यावर भुंकत नाहीत, पोटाशी शेपूट घालून बसतात. बरोबर माणसं आहेत, पण तीही त्याला भितात. तो कधी हसत नाही आणि कधी ओरडत नाही. फार मऊ बोलतो.

हे शेवटचं ऐकलं तेव्हा साळूनं ओसरीवर बसलेल्या दौलतीकडं बघितलं.

एका वर्षी सुगी नुकतीच संपली होती. पेवं भरून लिंपून झाली होती. भर दुपारी हैबती सावरदऱ्यात आला. वेशीतून सरळ चालत आला आणि पारावर बसला. त्याच्या माणसांनी गाव घेरलं. त्यानं विचारलं, "दौलती कुठं हाय?"

मग रंगोजी पाटील पुढं झाले. ते आता म्हातारे झाले होते. "दौलती गेला. मागल्या आखाडात."

"कसा गेला?"

"अंथरुणात गेला. भजन चाललं हुतं. सुखानं गेला."

"सुखानं," हैबती म्हणाला. तो बराच वेळ आपल्या हातांकडं बघत बसला. त्या शांत बसण्यात काहीतरी फिरलं, असं म्हणतात. ज्याच्यासाठी तो इतकी वर्षं धार लावत होता तो माणूस हाती लागणार नव्हता. धार मात्र होती.

त्यानं गावातली सगळी पेवं उघडायला लावली. नेता आलं तेवढं धान्य बैलांवर लादलं. उरलेल्याचा ढीग घातला आणि त्याला आग लावली. बायाबापड्या पाया पडल्या. त्यानं पाय मागं घेतले नाहीत की खाली बघितलंही नाही. धान्य फुटल्याचा तडतड आवाज दिवस मावळेपर्यंत येत होता. त्या वर्षी सावरदऱ्यानं चिंचोके भाजून खाल्ले, रानातले कडू कंद उकडून खाल्ले. अंगावर पिणारी पोरं आणि म्हातारी माणसं सगळ्यांत आधी गेली. हैबतीला त्यातल्या एकाचंही नाव माहीत नव्हतं.

जाताना तो साळूच्या दारात उभा राहिला. त्यानं आपले दोन्ही हात तिच्यापुढं धरले, जसं लहान पोर हात धुतलेत म्हणून आईला दाखवतं. तिनं बघितलं. मग तो वळला आणि निघून गेला.

त्या दिवसापासून गावात साळूला कुणी दारात उभं करेना. पाणवठ्यावर ती आली की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. एकदा कुणीतरी मागून दगड मारला. जमिनीतून येणारा आवाज ऐकून ज्या बाया आत निघून गेल्या होत्या, त्यांची तोंडं तिला आठवत होती. पण स्वतःचे हात जास्त आठवत होते.

पुढच्या वर्षी नागू कासाराचं झालं. नागू बांगड्यांची पाटी घेऊन घाटाखालच्या गावांत फिरायचा. लेकीबाळींच्या हातात बांगड्या भरताना असा बोलायचा की हात दुखलेला कळायचा नाही. हैबतीनं त्याला खिंडीत अडवलं. नागूपाशी काही नव्हतं, पाटीच होती. "काचच हाय सगळी," तो म्हणाला, आणि सवयीनं हसला.

ते हसणं हैबतीला सहन झालं नाही.

खिंडीच्या माथ्यावर कधीकाळच्या चौकीचं एक पडकं पेव होतं. त्यानं नागूला त्यात टाकलं आणि वर मोठा धोंडा ओढला. मग तो स्वतः त्या धोंड्यावर जाऊन बसला. नागू आतून हाका मारत होता. आधी देवाच्या नावानं, मग बायकोच्या नावानं, मग आईच्या. हैबती बसून ऐकत होता. त्याचा चेहरा हलला नाही. त्याची माणसं डोकी फोडणारी, रक्त बघितलेली. पण तीही तिथं थांबली नाहीत. एकेक करून घाट उतरून गेली आणि पुन्हा आली नाहीत. नागूचा आवाज थांबला तेव्हा हैबती उठला.

ही गोष्ट त्याच्याच एका पळालेल्या माणसानं गावात सांगितली. "वर बसून ऐकत हुता," तो म्हणाला. लोक थू थू करत होते. साळू मागं भिंतीला टेकून उभी होती. वर बसून ऐकणं म्हणजे काय, हे त्या गावात तिच्याइतकं कुणाला कळलं नसेल.

रंगोजी पाटलांनी आता त्या मुलखाच्या सरदाराकडं माणूस धाडला. सरदाराचे शिपाई आले, भाले आणि बंदुका घेऊन पाटलाच्या चौकात उतरले. हैबती आता एकटा होता. त्याला हे कळायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलाची नात बायजा आईबरोबर शेतात गेली होती. आई बांधावर वाकली आणि सरळ झाली, तेवढ्यात पोर नाहीशी झाली. एका मेंढक्यानं हैबतीचा निरोप आणला: शिपाई माघारी गेले तर पोर मिळेल. नाहीतर नागू मिळाला तशी मिळेल.

तेव्हा पहिल्यांदा पाटील साळूच्या दारात आले. पाठीमागं अर्धा गाव होता.

"साळू," पाटील म्हणाले, "तू जा. आई हायेस. तुझं ऐकंल त्यो."

साळू चुलीपुढं बसली होती. ती म्हणाली, "माजं कशापायी ऐकंल, पाटील? मी त्याचं ऐकलं न्हवतं. तुमीबी ऐकलं न्हवतं. रस्त्यात थांबून पुढं गेला हुता तुमी, मला ठावं हाय."

पाटलाची सून पुढं आली. तिच्या डोळ्यांत पाणीही राहिलं नव्हतं. तिनं साळूचे पाय धरले. साळूनं ते सोडवले, पदर खोचला आणि निघाली.

"माज्या मागं कुनी येऊ नगा," ती म्हणाली. पाटलांनी शब्द दिला. ती वळणाआड गेल्यावर शिपाई तिच्या मागोमाग निघाले.

फाल्गुन होता. सावरीची झाडं फुलली होती, वाटेवर लाल फुलांचा खच पडला होता. साळूचे गुडघे गेलेले, पाय अनवाणी. ऊन डोक्यावर येईपर्यंत ती माथ्यावर पोचली. हैबती धोंड्यावर बसला होता. त्याचे केस पिकायला लागले होते. आपलं पोर म्हातारं होताना आपण बघितलंच नाही, हे तिला तेव्हा कळलं.

धोंड्याखालून एक बारीक आवाज येत होता. फार लांबून आल्यासारखा.

"ऊठ," साळू म्हणाली.

तो तिच्याकडं बघत राहिला. "पाटलानं धाडली?"

"व्हय. ऊठ, हैबती."

"आन् मागनं शिपाई येत्याती. जिमिनीत वाजतंय. वढा वलांडलाय त्यांनी." तो मऊ आवाजात म्हणाला. "तुला ठावं न्हाई. तुला कुनी सांगत न्हाई कंदी."

साळूनं मागं वाटेकडं बघितलं. मग म्हणाली, "मग पळ."

"आन् हिला?"

"हिला मी काढते."

हैबती हसला. आयुष्यात एकदाच हसला, असं म्हणतात. तो धोंडा त्यानं स्वतः बैल जुंपून ओढला होता. चार गडी लागतील असा धोंडा. तो उठला, बाजूला झाला आणि म्हणाला, "काढ."

साळूनं धोंड्याला दोन्ही हात घातले. तिचं वय त्या वेळी काय होतं, अंगात किती मांस उरलं होतं, ते गावातल्या सगळ्यांनी बघितलेलं होतं. आणि तरी धोंडा हलला. असं म्हणतात, तिच्या हातांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या, तोंडातून रक्त आलं, पायाखालचा खडक तडकला. तो तडा अजून दाखवतात. धोंडा सरकला आणि उताराला लागून गडगडत दरीत गेला. त्याचा आवाज कोकणातल्या गावांत ऐकू गेला, आणि तिथल्या लोकांनी आभाळाकडं बघितलं.

साळूनं आडवी पडून त्या पडझडीनं उथळ झालेल्या पेवात हात घातला. बायजानं दोन्ही हातांनी तो धरला. पोर वर आली, उजेडाला डोळे मिटून साळूच्या मानेला गच्च बिलगली.

हैबती जागचा हलला नव्हता. तो त्या दोघींकडं बघत होता. मग त्यानं विचारलं, लहान पोरानं विचारावं तसं विचारलं,

"आये, आपल्या दारातला दगड एवढा जड हुता का गं?"

साळू खोटं बोलू शकली असती. तिच्या जागी कुणीही बोललं असतं.

"न्हाई रं," ती म्हणाली. "एवढा न्हवता."

हैबती खाली बसला. शिपायांची पावलं आता कुणालाही ऐकू येतील इतकी जवळ आली होती. तो पळाला नाही. जमिनीत शिरला नाही. साळू त्याला पळ पळ म्हणत राहिली. त्यानं आपले हात मांडीवर ठेवले आणि शिपाई येईपर्यंत तिच्याकडं बघत बसला.

त्याला तिथंच सावरीला फाशी दिली. सरदाराचा हुकूम होता की मढं खाली उतरवायचं नाही. घाटानं जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसलं पाहिजे. जो उतरवेल त्याला शिक्षा. शिपाई खाली गावात येऊन राहिले. साळू झाडाखाली बसून राहिली. हातात एक फांदी धरून ती गिधाडं हाकलत होती. गावातले पुरुष पारावर बसायचे आणि घाटाकडं पाठ करायचे.

मग एके सकाळी पाटलाची सून उठली, बायजाला कडेवर घेतलं आणि चालायला लागली. सासऱ्यानं अडवलं. ती त्याच्या बाजूनं निघून गेली. वेशीपाशी तिला एक बाई येऊन मिळाली, मग दुसरी. शेजारीणही आली, म्हातारी, काठी टेकत. आणि खालच्या गावाच्या वाटेनं पांढऱ्या कपाळाची एक बाई चढत आली. ती नागू कासाराची अंबू होती.

अंबू झाडाखाली येऊन साळूपुढं उभी राहिली.

"माज्या धन्याला मारलं ह्यानं," ती म्हणाली. "मी माफ केलं न्हाई. मरंस्तवर करायची न्हाई. पर तुला एकटीला ह्यो खाली उतरवाय जमायचा न्हाई."

बायांनी त्याला उतरवला. शिपायांना कळलं, ते वर धावत आले. पण समोर साऱ्या गावच्या लेकीसुना बघून ते थबकले, आणि भाले तसेच धरून उभे राहिले. तिरडी बायांनी बांधली. खांदा बायांनी दिला. त्या भागात त्याआधी बायांनी कधी खांदा दिला नव्हता. अग्नी साळूनं दिला. चिता पेटली, आणि तिची धग उतरेपर्यंत साळू बसून होती. मग सगळ्या जणी तिला हलवायला गेल्या, तेव्हा ती गेलेली होती. तिलाही त्याच राखेशेजारी अग्नी दिला. कुणी म्हणतात, ती तिथून उठून घाटाखाली चालत गेली आणि रडणाऱ्या पोरांच्या घरांची दारं वाजवत हिंडते. पण ते म्हणणारे थोडे.

त्या दिवशी इकडं गावात एकही बाई नव्हती. चुली थंड होत्या. पोरं भुकेनं रडायला लागली. दारोदारी रडायला लागली, आणि सगळ्या गावात तो एकच आवाज भरून राहिला. पुरुष आधी पारावर बसून राहिले. मग रंगोजी पाटील उठले. घरात गेले, परातीत पीठ घेतलं, पाणी जास्त झालं, पुन्हा पीठ घातलं. त्यांनी आयुष्यात कधी चूल पेटवली नव्हती. धुरानं डोळे चुरचुरत असताना त्यांनी एक वाकडी, जाड, मधे कच्ची भाकरी थापली आणि बाहेर येऊन जे पोर समोर दिसलं त्याला भरवली. ते त्यांचं नव्हतं. मग बाकीचे उठले.

सावरदऱ्यात अजून हा दिवस पाळतात. फाल्गुनात सावर फुलली की गावातल्या बाया, म्हाताऱ्या आणि नव्या सुनासुद्धा, सकाळी घाट चढून जातात. तिथं देऊळ नाही, दगडाला शेंदूर नाही. अंबूच्या कुळातली बाई असेल तर ती पुढं चालते, पण हात जोडत नाही. तिला कुणी जोडायलाही सांगत नाही.

खाली गावात पुरुष चुली पेटवतात. ज्याच्या दारात जे पोर येईल त्याला कुणाचं म्हणून न विचारता बसवायचं आणि आपल्या हातानं भरवायचं. पोरानं पाणी सांडलं, ताट उलटं केलं, घास थुंकला, तरी त्या दिवशी आवाज चढवायचा नाही आणि हात उगारायचा नाही. शेवटचं पोर जेवल्याशिवाय गावातला एकही पुरुष तोंडात घास घालत नाही. मोठेमोठे राकट गडी मांडीवर कुणाचं तरी शेंबडं पोर घेऊन, फुंकर घालून भाकरीचा तुकडा निववत बसलेले असतात.

त्या दिवसाला दुसरं नाव नाही. हैबतीचा दिवस म्हणतात. पण सावरदऱ्यात आजवर कुणी आपल्या पोराचं नाव हैबती ठेवलेलं नाही.